शेवटचं बरं पाहिल्याची वेळ

दिवा राहू दे तसाच. मालवायची एवढी घाई नको. तू आमच्याच कामाला लागणार म्हणालीस म्हणून सांगते, नाहीतर ही गोष्ट मी घरात काढत नाही. तुझ्या काकांना आवडत नाही. ते म्हणतात, बाईमाणसाला बावीस वर्षं तळघरात बसवलं की आणखी काय होणार.

त्या दिवशी मी धुलाईखात्यातून ब्लँकेटं आणायला गेले होते. रविवार होता, भर दुपार. आमची स्कॅनची खोली तळघरात, बारा महिने गारठलेली, कारण मशीनला उकाडा सोसत नाही. पेशंटला मात्र गारठा सोसत नाही. पेशंट कुडकुडला की हलतो, आणि हलला की चित्र पुसट येतं. म्हणून ब्लँकेटं. धुलाईवाल्याकडे चार मागितली तर त्याने दोन दिली आणि वर मलाच ऐकवलं, की तुमच्याकडे गेलेलं ब्लँकेट परत येत नाही म्हणून. मी म्हटलं, पेशंट परत येतायत ना, मग झालं.

खाली येते तो फोन वाजत होता. मेंदूचा झटका, साठीची बाई, पाच मिनिटांत आणतोय.

तुला हे आधी समजायला हवं. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पुढचा भाग उपाशी पडतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते साडेचार तासांच्या आत द्यायचं. उशिरा दिलं तर मेलेल्या भागात रक्त फुटतं आणि माणूस हातचा जातो. त्यामुळे सगळं एका प्रश्नावर येऊन थांबतं. झटका कधी आला, हा तो प्रश्न नव्हे, कारण ते कुणालाच माहीत नसतं. प्रश्न असतो तो, या बाईंना शेवटचं बरं पाहिलं कधी? आमच्या कागदावर सगळ्यांत वर तोच रकाना आहे.

आणि लोक तिथे बिनधास्त खोटं बोलतात. काही घाबरून, काही लाजेखातर. बरीच वर्षं झाली, एका म्हाताऱ्याच्या सुनेने मला अकराची वेळ सांगितली. मी ती लिहून घेतली. प्रत्यक्षात अकराला तिने न्हाणीघरातून फक्त खोकला ऐकला होता. इंजेक्शन गेलं, आणि तासाभरात दुसऱ्या स्कॅनवर अर्धा मेंदू पांढरा दिसला. रक्त पांढरं दिसतं आमच्याकडे. तेव्हापासून मी सगळ्यांना उलटसुलट विचारते. तिथली मंडळी मला पाठीमागे फौजदारीण म्हणतात. म्हणोत बापडी.

तर बाईंना आणलं. अंगाने बारीक, केस विस्कटलेले, तोंड उजवीकडे ओघळलेलं. उजवा हात ट्रॉलीवरून खाली लोंबत होता. डोळे उघडे होते. सोबत मुलगा, पस्तिशीचा, पांढरा पडलेला. घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं त्याचं. मेंदूच्या डॉक्टर त्या दिवशी नव्या होत्या, हुशार मुलगी, पण प्रत्येक गोष्टीची घाई. त्यांनी वेळ आधीच विचारून घेतली होती.

"बारा वाजून दहा मिनिटं," मुलगा म्हणाला. "बरोबर बारा दहा. मी घड्याळ बघूनच बोललो होतो. आई ठीक होती."

आत्ता अडीच वाजत होते. म्हणजे वेळेत. डॉक्टरबाईंनी इंजेक्शन तयार ठेवायला सांगितलं. आधी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री केली की लगेच द्यायचं.

मी बाईंना टेबलावर घेतलं, कपाळाला पट्टा लावला. तेव्हा मला वास आला. बाईंच्या साडीला लघवीचा वास होता, पण ओला नव्हे. वाळलेला. कापड कडक झालेलं. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

बाहेर येऊन काचेपलीकडच्या टेबलाशी बसले. मशीन घुमायला लागलं. पडद्यावर मेंदूच्या चकत्या एकामागून एक उतरल्या. रक्त नव्हतं. पण डाव्या बाजूला खोलवर एक ठिकाण राखाडी पडलं होतं, कडा पुसल्या गेल्या होत्या.

"मॅडम," मी म्हटलं, "हे दोन तासांचं नाही."

"अंधुक आहे, ताई. हलल्या असतील."

"डोक्याला पट्टा मी स्वतः बांधलाय. हलणार कशा?"

त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "पण वेळ तर नक्की आहे. घड्याळवाला माणूस आहे तो."

"म्हणूनच विचारून येते. एक मिनिट द्या मला."

मुलगा बाकावर बसला होता. मी सरळ त्याच्यासमोर उभी राहिले. लाजत नाही मी अशा वेळी.

"बारा दहाला आई कुठे होत्या? बसलेल्या, झोपलेल्या?"

"खोलीत होती."

"तोंड वाकडं होतं का?"

"नाही... म्हणजे..." त्याने नजर चुकवली.

"दादा, तुम्ही त्यांना पाहिलंत का?"

तो हातातल्या घड्याळाचा पट्टा ओढत राहिला. "दार लोटलेलं होतं. मी बाहेरून विचारलं, आई, जेवायला येतेस ना. ती म्हणाली, मी बरी आहे, तुम्ही जेवा."

"आणि सकाळी?"

"साडेसातला चहाचं विचारलं. म्हणाली, मी बरी आहे, पडू दे जरा."

"डोळ्यांनी कधी पाहिलंत?"

"काल रात्री नऊला... जेवणं झाल्यावर. आज दोनला ताट द्यायला आत गेलो तर पलंग आणि भिंतीच्या मधे पडलेली." मग एकदम आवाज चढवून म्हणाला, "पण ती बोलली हो! माझ्या बायकोनेही ऐकलंय. रात्रीही दोनदा बोलली. मी काय आईचा आवाज ओळखत नाही?"

खरं सांगते, मला त्याचा शब्दही पटला नाही. बारीक बाई पलंग आणि भिंतीच्या मधे रात्रभर पडलेली, कपडे वाळून कडक झालेले, आणि हा म्हणतो बोलत होती. मला वाटलं, नवरा-बायकोने ढुंकून पाहिलं नसणार आणि आता अंगाशी आल्यावर एकमेकांच्या साक्षी काढतायत. असली माणसं मी पोत्याने पाहिलीयत.

मी आत जाऊन रकान्यातलं बारा दहा खोडलं आणि काल रात्री नऊ लिहिलं. साडेसतरा तास. इंजेक्शन परत गेलं. आणखी दोन मिनिटांत ते दिलं गेलं असतं.

पण सगळं संपलं नव्हतं. एक वाट शिल्लक होती. वाहिनीतून बारीक तार वर मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढता येते. त्याला चोवीस तासांपर्यंत मुभा असते, पण एकच अट, मेंदूचा काही भाग अजून जिवंत असायला हवा. त्यासाठी औषध सोडून दुसरा स्कॅन. वरच्या मजल्यावर ते काम करणारे सर होते, आम्ही त्यांना तारवाले सर म्हणायचो. डॉक्टरबाईंनी त्यांना तयार राहायला सांगितलं. मी बाईंच्या हाताच्या शिरेत नळी जोडली, ब्लँकेट नीट गुंडाळलं आणि म्हटलं, "आई, आता अंगात ऊन ऊन वाटेल. घाबरू नका." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर बधिर नव्हती. त्या बाईंना काहीतरी सांगायचं होतं, इतकं मला कळलं.

औषध गेलं. चित्रं आली. डावी मुख्य वाहिनी वर चढता चढता मधेच तुटल्यासारखी थांबली होती. दुसऱ्या पडद्यावर रंग भरले. लाल म्हणजे मेलेलं. ते होतं, पण सुपारीएवढं. बाकी सगळी डावी बाजू हिरवी. उपाशी, पण जिवंत.

"वाचतील या," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मी पाहिलं. "ताई, वाचतील. आत्ता गुठळी काढली तर बोलतीलसुद्धा."

आणि तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला.

"मी बरी आहे."

मशीनच्या कड्यात, पेशंटच्या तोंडाच्या बरोबर वर एक माइक असतो. तो सतत चालू असतो, आतला माणूस काही म्हणाला तर आम्हाला बाहेर कळावं म्हणून. आवाज तिथूनच आला होता. म्हातारा, स्वच्छ, समजूतदार आवाज. जरा हसरासुद्धा.

"मी बरी आहे, बाई. जाऊ द्या मला घरी."

डॉक्टरबाई उडाल्याच. "बोलल्या! ताई, ऐकलंत? वाचा परत आली!" त्यांनी लगेच फोन उचलला. "सर, जरा थांबा. पेशंट बोलतेय, स्पष्ट बोलतेय. सुधारत असेल तर तार घालण्याची जोखीम कशाला? मी बघून सांगते."

फोनवर पलीकडे काहीतरी ठरत होतं. माझं लक्ष पडद्यावर होतं. डाव्या बाजूच्या त्या हिरव्या भागावर. वाचा डाव्या बाजूला असते. नेमकी तीच उपाशी होती, कालपासून.

"मॅडम," मी म्हटलं, "कशाने बोलल्या त्या?"

"म्हणजे?"

मी कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. आत एक छोटा कॅमेरा असतो, पेशंटचा चेहरा दाखवणारा. बाईंचा चेहरा तसाच होता, एका बाजूने ओघळलेला. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ कानाकडे चालली होती.

"मला त्रास देऊ नका," स्पीकर म्हणाला. "मी बरी आहे."

ओठ हलले नाहीत.

पहिल्यांदा मला वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. शेजारच्या खोलीची लाइन जुळली असेल. मशीनमध्ये आधीच भरून ठेवलेला एक आवाज असतो, पण तो फक्त श्वास घ्या, श्वास रोखा, एवढंच म्हणतो आणि तो पुरुषाचा आहे. मी तारा पाहिल्या, शेजारची लाइन काढून टाकली. मुलाचाही संशय आला मला. फोनवर आईचा आवाज भरून ठेवला असेल आणि दारामागून ऐकवत असेल म्हणून मी दार उघडून पाहिलं. तो बाकावर होता, डोकं गुडघ्यात घालून. फोन शेजारी पालथा.

"मी आत जाते," मी म्हटलं. "तुम्ही इथेच ऐका."

आत गारवा नेहमीपेक्षा जास्त होता की मला तसं वाटलं, सांगता येणार नाही. पंख्याची घरघर, तापलेल्या धुळीचा वास, स्पिरिटचा वास. मी टेबलाशी गेले आणि बाईंच्या तोंडाला कान लावला. नुसता श्वास. ओला, घरघरता. बाकी काही नाही. एक शब्द नाही. मी तशीच वाकून शंभरापर्यंत मोजलं. काहीच नाही.

काचेपलीकडे डॉक्टरबाई उभ्या होत्या. त्यांनी बटण दाबलं. त्यांचा आवाज आत आला, एकदम लहान झालेला.

"ताई... त्या तुमच्याशी बोलतायत. तुम्ही उत्तर का देत नाही?"

"काय बोलतायत?"

"म्हणतायत..." त्या थांबल्या. "म्हणतायत, बाई, तू बाहेर जा."

 मी बाईंचा डावा हात धरला, कारण तो चालत होता. त्यांनी माझी बोटं इतक्या जोरात आवळली की नखं रुतली. डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. त्या ऐकत होत्या, पोरी. मला नाही, पण त्यांना ऐकू येत होतं.

"मॅडम, आत या," मी ओरडले. "स्वतः या. स्पीकरवर विश्वास ठेवू नका, बाईंकडे बघा."

डॉक्टरबाई दार सताड उघडं टाकून आत आल्या. त्यांनी उजव्या हाताला जोरात चिमटा काढला. हात मेल्यासारखा पडून राहिला. "आई, नाव सांगा तुमचं." जीभ एका बाजूला कलली आणि घशातून नुसता आवाज आला. एवढंच त्यांना जमत होतं.

आणि मागे उघड्या दारातून, जिथे आता कुणीही नव्हतं त्या टेबलावरच्या स्पीकरमधून, तोच आवाज आला. शांत, लाडीगोडीचा.

"मी बरी आहे ना गं. कशाला एवढी धावाधाव?"

आम्ही दोघी बाईंच्या मिटत चाललेल्या तोंडाकडे बघत होतो.

 मग त्या पोरीने जे केलं त्यासाठी मी तिला जन्मभर मानेन. ती बाहेर टेबलाशी गेली, फोन उचलला आणि स्पीकर बोलत असतानाच म्हणाली, "सर, माझी चूक झाली. पेशंट बोलत नाहीये. आम्ही वर येतोय." लिफ्टची वाट न पाहता आम्ही ट्रॉली चढणीच्या वाटेने वर ढकलत नेली. मुलगा मागून धावत होता आणि विचारत होता, काय झालं, आई काय म्हणाली? मी त्याला काही सांगितलं नाही. पण त्याच्याकडे पाहिलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली. त्याने खरंच ऐकलं होतं. दर वेळी तो दारापर्यंत गेला होता आणि दर वेळी त्याला तिथूनच परत पाठवलं होतं.

चाळीस मिनिटांनी तारवाल्या सरांनी गुठळी बाहेर काढली. तांदळाच्या दाण्याएवढी, काळपट लाल. वाहिनी उघडली. पडद्यावर रक्त फांद्याफांद्यांतून धावताना दिसलं आणि मी भिंतीला टेकून रडले. डॉक्टरबाई आणि मी त्यानंतर त्या आवाजाबद्दल कधीही बोललो नाही. तंत्रज्ञ येऊन स्पीकर तपासून गेला. म्हणाला, ठणठणीत आहे.

दहाव्या दिवशी, सकाळी, मी वॉर्डात गेले. मला राहवेना. बाई उशीला टेकून बसल्या होत्या. उजवा हात जरा उचलता येत होता, तोंड बरंचसं सरळ झालं होतं. खिडकीतून स्वच्छ ऊन आलेलं, शेजारी मुलगा सफरचंद सोलत बसलेला. मला पाहून तो उठला आणि त्याने माझे पाय धरले. मी त्याला उठवलं. मीच त्याची माफी मागायला आले होते, पण ते शब्द काही तोंडातून निघाले नाहीत.

"आजपासून थोडं थोडं बोलते," तो म्हणाला. "आई, या ताई. स्कॅनवाल्या."

बाईंनी माझा हात ओढून जवळ घेतला. खरा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. घोगरा, अडखळता. त्या स्पीकरमधल्यासारखाच होता, पण दमलेला.

"मी... हाक मारत होते," त्या म्हणाल्या. "रात्रभर. शब्द येईना. हा यायचा... दाराशी. मला पावलं... ऐकू यायची."

"आई, नको आता," मुलगा म्हणाला.

"मी तोंड उघडायच्या आधी... ते बोलायचं. पलंगाखालून. माझ्यासारखं." त्यांनी श्वास घेतला. "आणि हा... परत जायचा."

मुलाच्या हातातली सुरी तशीच राहिली. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी पाहिलं. आपण दर वेळी कुणाशी बोललो, हे त्याला तेव्हा कळलं.

बाई इकडेतिकडे बघायला लागल्या. "ही कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "सूनबाई?"

"घरी आहे, आई. उद्या तुला सोडतील ना, म्हणून तुझी खोली आवरतेय. सकाळपासून तेच चाललंय तिचं."

बाईंनी पांघरूण फेकलं. उठायचा प्रयत्न करू लागल्या. मी त्यांना धरलं तर त्या मला ढकलायला लागल्या, चांगल्या हाताने, होता नव्हता तो जोर लावून. "बोलाव... तिला. बाहेर बोलाव."

"हो, हो, लगेच फोन लावतो. तुझी खात्री होऊ दे." मुलाने घाईघाईने फोन काढला, आईला ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला आणि फोन पांघरुणावर ठेवला. तिघंही आम्ही त्याच्याकडे बघत राहिलो. एकदा वाजला. दुसऱ्यांदा वाजता वाजता उचलला गेला.

"मी बरी आहे," त्याच्या बायकोचा आवाज म्हणाला. "तुम्ही नका येऊ."

त्याने अजून काहीच विचारलं नव्हतं.